न मिळालेल्याची वही

लष्करात मे महिन्यात, दुपारी दोनला
वाचनालयात येणारी माणसं कूलरसाठी येतात.
हे मला एकतीस वर्षं ठाऊक आहे,
आणि एकतीस वर्षं मी वार्षिक अहवालात
त्यांना 'पाठक' लिहीत आले.
(मराठीत ते आडनाव. इथे हिशेब.)

यंदा नव्या ग्रंथपाल आल्या. भदौरिया मॅडम.
वय सत्तावीस, पायात खेळाचे बूट.
पहिल्याच दिवशी माझं देवघेवीचं रजिस्टर चाळून म्हणाल्या,
सुमतीताई, जे मागायला आले
आणि रिकाम्या हाती गेले
त्यांचं रजिस्टर कुठंय?

तसलं नसतं, मी म्हटलं.
ऑडिटवाले मागत नाहीत.

संध्याकाळी त्यांनी बाड्यावरून दोनशे पानी वही आणली.
कव्हरवर मोराचं चित्र.

सोमवार. पेन्शन का थांबली, कुठं बघायचं.
सोमवार. पाचवीचं गणित, फाटकं चालेल.
मंगळवार. एक आजोबा. काही नको,
पंख्याखालची खुर्ची, आणि कुणी उठवू नये.
बुधवार. मुलीला एकटीला
सात वाजेपर्यंत अभ्यासाला बसता येईल अशी जागा.
आपण साडेपाचला कुलूप लावतो.
गुरुवार. फाळक्यांच्या सुनेकडे एक ट्रंक निघाली,
आत मोडीतले कागद.
वाचणारं कुणी आहे का?

इथे माझं पेन थांबलं.
मला येते मोडी.
वडिलांनी शिकवली होती, सुट्टीत, पाटीवर,
लांबलचक रेघ आधी, मग तिला लटकलेली अक्षरं.
एकतीस वर्षांत कुणी विचारलं नाही.
नोकरीच्या अर्जात तो रकानाच नव्हता.
मॅडमना सांगितलं तर त्या खुर्चीवरून उठल्याच.
मग दर गुरुवारी चार ते पाच
माझ्या टेबलावर ट्रंकांचा वास.
एकीत नुसती उधारीची यादी निघाली,
तूप, गूळ, पुन्हा तूप,
आणि सूनबाई तरी रडल्या.

पूरन कुशवाह हे सगळं लांबून बघायचा,
फडकं खांद्यावर.
बावीस वर्षं तो पुस्तकं पुसतो, जागच्या जागी लावतो,
आजवर एक चुकलेलं नाही.
रंगावरून लावतो, जाडीवरून,
पाठीवरच्या चिकटपट्टीवरून.
त्याला वाचता येत नाही
हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं,
आणि ट्रेनिंगला दरवेळी मी जायचे,
भोपाळला, जेवणासकट.

शुक्रवारी तो म्हणाला, वहीत माझंही लिहा.

लिहिलं :
पूरन. कपाट अकरा.
लाल जाड पुस्तकं. आत काय आहे?

मला सांगता येईना.
अकरा नंबरचं कुणी कधी मागितलं नव्हतं.
किल्ली त्याच्याच जुडग्यात निघाली.

आत आमचेच वार्षिक अहवाल,
साल दर साल, कापडी बांधणीत,
पाठीवर सोनेरी आकडे.
दर एप्रिलला मी ते बांधायला पाठवायचे,
परत कुठं येतात ते विचारलं नव्हतं.
सगळ्या इमारतीत इतकं स्वच्छ
दुसरं कपाट नाही.

मी मोठ्यानं हसले.
तो हसला नाही.
विचारलं, यात मी आहे का?

दोन हजार नऊचा काढला.
पान चौदा, कर्मचारी विवरण.
ग्रंथपाल : रिक्त.
सहायक : १.
भृत्य : १.

हा तू, मी म्हटलं.
त्यानं बोट फडक्याला पुसून
त्या जागी ठेवलं.
एक, तो म्हणाला.
आकडे त्याला येतात.

मग बोट सरकवून डावीकडच्या अक्षरांवर आणलं,
आणि हे?

बाहेर कुणीतरी ओरडलं, कूलरचं पाणी संपलंय.
भरतील, मी म्हटलं,
आणि खुर्ची ओढली.